गाणाऱ्याचा जमाखर्च

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाचा पहिला अंक ज्यांनी वाचला आहे, त्यांस गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचे भांडण स्मरत असेल. दोघेही राजाच्या पदरी असलेले वेतनी शिक्षक आणि दोघांत श्रेष्ठ कोण, एवढाच वादाचा विषय. ते पाहून विदूषकाला चेव येतो व तो सुचवितो की, यांची एकदा झुंज पाहूनच घ्यावी; नाही तर यांना फुकटचे वेतन तरी कशाला द्यावयाचे? पुढे त्याच वादाच्या भरात गणदास मोठ्या अभिमानाने बोलून जातो की, ज्याची विद्या केवळ पोट भरण्यासाठी, तो विद्वान नव्हे, तो ज्ञान विकणारा वाणी होय. वचन मोठे बाणेदार आहे यात शंका नाही. परंतु ते उच्चारणारा गणदास स्वतः दरबारचे वेतन घेत होता, आणि त्या वेतनाचा उल्लेख करावयास नाटकात विदूषकाची योजना करावी लागली, ही गोष्ट आमच्या मते त्या वचनाइतकीच विचार करण्याजोगी आहे.

आपल्या सुशिक्षित घरांतून हा गणदासाचा बाणा अद्याप चांगला टिकून आहे. गाणे हा सरस्वतीचा प्रसाद, त्यात पैशाची भाषा आणणे म्हणजे देव्हाऱ्यात तागडी मांडण्यासारखे, अशी आपली समजूत असते. समजूत उदात्त आहे खरी. पण तिचा खर्च कोण सोसतो, हे आपण सहसा विचारीत नाही. गवयाला वाहवा देणारी घरे पुष्कळ, त्याचा हिशेब त्याच रात्री चुकता करणारी थोडी. म्हणूनच एखादा गाणारा उठून आपल्या धंद्याचा जमाखर्चच गाण्यातून सांगू लागला, म्हणजे आपणांस ते विपरीत वाटते. अशी गाणी जगात पुष्कळ आहेत, पाश्चात्यांकडे आहेत तशी आपल्याकडेही आहेत, आणि ती गाणी कानांनी ऐकून सोडून द्यावयाची नसून वहीत उतरून घ्यावयाची आहेत, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष जाण्यास आमचा नातू कारण झाला. तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रविभागात नोकरीस आहे. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही घरात हल्ली असते तसे आमच्याही घरचे वेळापत्रक पाळीवर चालते; कोणाची पहिली, कोणाची दुसरी, कोणाची रात्रपाळी. त्यातून सुटीचा दिवस जुळला की हा व त्याचे तीन मित्र आमच्या गच्चीवरील खोलीत गिटार, ड्रम इत्यादी वाद्ये मांडून 'रॉक' नामक संगीताची तालीम करतात. अमेरिकेत गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात हा प्रकार उदयास आला. विजेवर चालणारी गिटार व ड्रमचा ठोका हे त्याचे मुख्य अंग. प्रथम आमची कल्पना अशी होती की, एवढ्या आवाजात सांगण्यासारखे असून असून काय असणार, प्रेम किंवा शिमगा! त्यास विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, यातली एक शाखाच अशी आहे की, गाणारा गाण्याच्या धंद्याविषयीच गातो. तुम्ही अर्थ ऐका, आवाजाकडे लक्ष देऊ नका." मग त्याने चार-पाच गाणी लावून त्यांचा अर्थ आम्हांस समजावून सांगितला. आवाजाचे आम्ही काही म्हणत नाही. परंतु अर्थ ऐकून मात्र आम्ही सावरून बसलो.

'द बर्ड्स' नावाच्या अमेरिकन मंडळींनी १९६७ साली एक गाणे काढले. रॉकमधील तारा व्हावयाचे असेल तर काय करावे, याचा पाठ त्यात एखाद्या मास्तराने द्यावा तसा दिला आहे: वाद्य मिळवा, थोडे वाजवावयास शिका, केस आणि कपडे नीट जमवा, मग दलालाकडे जा, तो उरलेले पाहील. उपहास उघड आहे. गाण्यात मधूनच चाहत्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात. त्या इंग्लंडातील त्यांच्याच एका खऱ्या जलशातून टिपलेल्या आहेत. १९७० साली 'द किंक्स' या इंग्रज मंडळींनी तर या धंद्यावर सबंध तबकडीच काढली. तिच्यातील एका गाण्यात गाण्याचा पैसा व्यवस्थापक, प्रकाशक, मध्यस्थ यांच्या हातांतून कसकसा फिरतो व गीतकारापर्यंत पोहोचेतो त्याचे काय उरते, याचा हिशेब रे डेव्हिस यांनी मांडला आहे. 'पिंक फ्लॉइड' या मंडळींचे नाव दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून घेतलेले आहे. त्यांनी १९७५ साली तबकड्यांच्या कंपनीतील एका गोडबोल्या अधिकाऱ्याचे चित्र रेखाटले. हा गृहस्थ सिगार पुढे करतो, स्तुतीचा वर्षाव करतो, आणि यांपैकी पिंक नावाचा माणूस कोणता, अशी पृच्छा करून आपले अज्ञान उघडे करतो. ज्यांच्या गाण्यावर कंपनी चालली, त्यांचे नाव काय आहे हेही कंपनीस ठाऊक नाही! हा टोला वर्मी बसणारा आहे.

या सर्वांत आमच्या मनाला अधिक लागली ती जॉन फोगर्टी याची हकीकत. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या मंडळींचा हा गायक व गीतकार. १९६९ साली त्याने 'लोडाय' हे गाणे केले. एका आडगावी अडकून पडलेला, परतीच्या भाड्यापुरतेही पैसे गाठीस नसलेला, अर्धवट शुद्धीतील गिऱ्हाइकांपुढे रोज तेच ते गाणारा वादक त्यात बोलतो. गाणे लिहिले तेव्हा फोगर्टी यशाच्या शिखराकडे चालला होता. परंतु पुढे जे घडले ते त्या गाण्याहूनही कडू होते. कराराने त्याच्या गाण्यांचे हक्क फँटसी या कंपनीकडे गेले. काही वर्षांनी त्याने दुसरीकडून नवी तबकडी काढली, तेव्हा कंपनीने त्याच्यावर दावा लावला की, याचे १९८४ सालचे नवे गाणे याच्याच १९७० सालच्या जुन्या गाण्याची नक्कल आहे, आणि ते जुने गाणे आता आमच्या मालकीचे आहे. म्हणजे स्वतःचीच चोरी केल्याचा आरोप! १९८८ साली खटला उभा राहिला, तेव्हा फोगर्टीने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून पंचांस दोन्ही गाण्यांतील भेद दाखविला व पंचांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. वकिलांच्या खर्चाचा प्रश्न पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९४ साली तेथेही त्याच्याच म्हणण्यास पुष्टी मिळाली. तथापि आपल्या त्या जुन्या गाण्यांचा बहुतांश हक्क त्याच्या हाती यावयास २०२३ साल उजाडावे लागले. तोवर तो सत्तरी ओलांडून सात वर्षे पुढे गेला होता.

येथे वाचक म्हणतील, ही दूरदेशीची रडगाणी आम्हांस कशास? तर त्यांनी आमच्याबरोबर घरापासून फार दूर नव्हे, नाशिक फाट्यापर्यंत यावे. तेथून जो हमरस्ता भोसरी, मोशीवरून चाकणला जातो, त्या रस्त्याने कारखान्यांच्या कामगारांच्या गाड्या तिन्ही पाळ्यांना धावत असतात. तोच रस्ता पुढे राजगुरुनगर व मंचर मागे टाकून नारायणगावास पोहोचतो, आणि नारायणगाव ही तमाशाची पंढरी होय. जत्रांचा हंगाम तोंडावर आला, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास येथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच व यात्रा समितीची मंडळी येतात, राहुटीत बसून आपल्या जत्रेच्या रात्रीची सुपारी ठरवितात, आणि इसारा देऊन जातात. हा झाला व्यवहाराचा वरचा थर. याच्या खाली दुसरा थर आहे. हंगामास आरंभ होण्यापूर्वीच फडमालकास ढोलकीवाले, सोंगाडे, नाचणाऱ्या स्त्रिया, तंबू उभारणारे गडी यांस 'उचल' द्यावी लागते; ती देण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून कर्ज काढतो. पाऊस पडला, निवडणूक आली, साथ आली की खेळ बुडतात. कर्जावरचे व्याज मात्र बुडत नाही. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा या फडांवर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना करावी. पाश्चात्य गाण्यांतील दलाल, मध्यस्थ व करार येथे सुपारी, उचल व व्याज या नावांनी नांदत आहेत, एवढाच काय तो फरक.

आणि आपल्या धंद्याविषयी गाणारा गायकही येथे होऊन गेला. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, हे नाव पुष्कळांस अपरिचित वाटेल. पण पठ्ठे बापूराव म्हटले की ओळख पटेल. कुलकर्णी वतनाच्या घरात जन्मलेल्या या कवीने तमाशाचा फड उभा केला व संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा त्या फडाची नायिका झाली. हिवरगाव याच नाशिक रस्त्यावर पुढे लागते, हा एक योगायोगच. दोघांनी मिळून मुंबईपर्यंत नाव गाजविले. आपण सोवळ्याची घडी घालून ते बाजूस ठेवले व तमाशाची वाट धरली, हे बापूरावांनी आपल्याच कवनात निःसंकोचपणे सांगून ठेवले आहे. गाणाऱ्याने आपल्या पेशाची किंमत स्वतःच गाऊन सांगितल्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पवळा फडातून गेल्यावर दिवस फिरले. ज्यांच्या लावण्या गावोगावचे फड गात होते ते बापूराव १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. कवने मागे राहिली, ती ज्याच्या त्याच्या तोंडी. त्यांच्या घरी त्यापोटी काय आले, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नाही.

बापूरावांविषयी बोलताना आपल्या समाजात एक मोह होतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. एका ब्राह्मणाने केवढा त्याग केला, म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो अथवा दूषण देतो. दोन्ही वेळा आपली दृष्टी त्यांच्या सोवळ्यावरच खिळलेली असते. परंतु त्यांच्याजवळ बाजूस ठेवण्यासाठी सोवळे होते तरी. पवळेजवळ ते नव्हते. अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मलेल्या त्या स्त्रीने त्याच फडात तितकेच कष्ट केले, तिच्या गळ्याने व पायांनी ती कवने लोकांपर्यंत गेली. पण त्यागाचे श्रेय तिच्या वाट्यास येऊ शकत नव्हते, कारण समाजाने तिला त्यागण्यासारखे काही दिलेच नव्हते. बापूरावांस निवड होती, पवळेस नव्हती. हा भेद जमाखर्चात मांडल्याखेरीज हिशेब जुळत नाही.

नारायणगावच्याच विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट तर अनेक वाचकांच्या हयातीतील आहे. १९३५ साली जन्मलेल्या या थोर कलावतीचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. खेळ चालू असतानाच प्रसूतीची वेळ आली, तंबूमागे जाऊन त्या मोकळ्या झाल्या व पुन्हा बोर्डावर उभ्या राहावयास निघाल्या, ही त्यांची कथा सर्वतोमुखी आहे. ती सांगताना आपण त्यांच्या निष्ठेला हात जोडतो. आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो: त्या रात्री खेळ थांबला असता तर सुपारीचे पैसे मिळाले असते काय? निष्ठा होतीच, पण निष्ठेच्या मागे हिशेबही उभा असतो, आणि तो पाहावयाचा नाही असे ठरविले की आपले हात जोडणे सोपे होते. २००२ साली विठाबाई गेल्या. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीचेच होते. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देत आहे. हे योग्यच आहे. तथापि जिवंतपणी वेळेवर दिलेली बिदागी ही मरणोत्तर पुरस्कारापेक्षा स्वस्त पडते व अधिक उपयोगी पडते.

कायद्याने या बाबतीत काय केले, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. स्वतंत्र भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा. त्यानंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी चित्रपटगीतांच्या उत्पन्नात गायकासही वाटा असावा असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत असे होते की, गाण्याची बिदागी एकदा घेतली की गायकाचा संबंध संपला. या मतभेदापायी काही वर्षे दोघांनी एकत्र गाण्याचे थांबविले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीताचा व चालीचा पहिला मालक निर्माताच होय. ही स्थिती पालटावयास २०१२ साल यावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने असे ठरले की, गीतकार व संगीतकार यांनी हक्क लिहून दिले तरी चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नातील त्यांचा समान वाटा काढून घेता येणार नाही. तो वारसाखेरीज किंवा त्यांच्या स्वतःच्या संस्थेखेरीज दुसऱ्या कोणास देऊनही टाकता येणार नाही. राज्यसभेत कवी जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा पाठपुरावा केला होता.

परंतु कायदा ध्वनिमुद्रित गाण्याच्या मागे उभा राहतो. जत्रेतील एका रात्रीच्या खेळामागे, किंवा हॉटेलातील दोन तासांच्या वादनामागे तो क्वचितच पोहोचतो. लग्नासारख्या समारंभांत वाजणाऱ्या गाण्यांस तर कायद्याने स्वामित्वशुल्काची सूट ठेवलेली आहे. ही सूट आपण समजून घेतली पाहिजे. ती शुल्काची आहे. समोर उभा राहून सनई फुंकणाऱ्या, ढोलकी बडविणाऱ्या किंवा गिटार वाजविणाऱ्या माणसाच्या बिदागीची नव्हे.

आता पुन्हा गच्चीवरील मंडळींकडे वळू. गेल्या वर्षी एका हॉटेलवाल्याने यांस वाजवावयास बोलाविले. पैशाचा विषय निघताच तो हसून म्हणाला, "अहो, तुमचे नाव होईल की!" मुलांनी तीन तास वाजविले व पेट्रोल घालून घरी आले. पुढच्या सुटीत त्यांनी त्याच प्रसंगावर मराठीत गाणे रचले. त्यात रागाचे शब्द फारसे नाहीत. ध्रुवपदात केवळ खर्चाची यादी आहे, तारांचा जोड, टेंपोचे भाडे, बुडालेली पाळी. घरात त्यावर मोठी चर्चा झाली. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "याला कारखान्याचा पगार आहे, हौसेचे पैसे कशाला मागावे?" सूनबाईंनी उलट विचारले, "भावजी, स्वयंपाकीण घरची सुखवस्तू असली तर तिला पगार देत नाहीत का?"

सूनबाईंचा प्रश्न योग्य होता. पण आमच्या मते त्याच्याही पुढे एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही नातवास सांगितली. ज्याला चाकणचा पगार आहे तो फुकट वाजवू शकतो. पण त्याच शहरात केवळ वाजविण्यावर ज्याचे घर चालते असाही वादक आहे. लग्नसराईत चार रात्री मिळाल्या तर त्याच्या मुलांची फी भरली जाते. हॉटेलवाल्यास एकदा फुकटची सवय लागली की तो त्या वादकास कशास बोलावील? हौशी माणसाचा उदारपणा असा दुसऱ्याच्या ताटातून वाढला जातो. सबब पैसे मागावयाचे ते आपल्यासाठी नसले तरी त्याच्यासाठी मागावेत. नको असतील तर घेऊन त्यालाच द्यावेत, पण दर पाडू नये. नातवाने ऐकून घेतले. त्या मंडळींनी आता आपला दर कागदावर लिहून ठेवला आहे. बोलावणी त्यामुळे कमी झाली आहेत, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तो किती दिवस तग धरील, हे त्याच्यापेक्षा बोलावणाऱ्यांवर अधिक अवलंबून आहे.

आणि बोलावणारे म्हणजे अखेर आपणच. गणपतीत, मुंजीत, लग्नात, वडिलांच्या पंचाहत्तरीस, सोसायटीच्या वर्धापनदिनी आपण गाणारे बोलावतो. मांडववाल्यास व आचाऱ्यास आगाऊ रक्कम देताना आपण कुरकुरत नाही. गाणाऱ्याच्या बाबतीत मात्र 'घरचाच कार्यक्रम आहे, काय ते बघू' असे म्हणतो. हे 'बघू' टाकून द्यावे. बोलाविण्याच्या वेळीच आकडा विचारावा व तो दोघांच्या संमतीने कागदावर लिहावा. साथीदारांची नावे निवेदनात घ्यावीत. गीत कोणाचे, चाल कोणाची, हे गाण्यापूर्वी श्रोत्यांस सांगावे. कार्यक्रम आपल्या अडचणीने रद्द झाला तर ठरलेल्या रकमेचा काही भाग तरी पोहोचता करावा, कारण ती रात्र त्याने दुसऱ्या कोणास दिलेली नसते. पंक्तीस त्यांना पहिल्या पानावर बसवावे, शेवटच्या नव्हे. आणि बिदागीचे पाकीट घरातील वडील माणसाने स्वतःच्या हाताने, त्याच रात्री, वाद्ये गाडीत चढण्यापूर्वी द्यावे.